पाणंद आणि पाऊल

सकाळी उठून धावावयास जाणे ही गोष्ट आता आपल्या घरांना नवी राहिलेली नाही. बडोद्याची कमाटीबाग असो, हैदराबादेतील हुसेनसागरचा बांध असो, की बेळगावच्या कॅम्पातील झाडांखालचे रस्ते असोत, पहाटेच्या अंधुक उजेडात पायांत बूट चढवून निघालेली मंडळी सर्वत्र भेटतात. या उद्योगासाठी आपण ‘जॉगिंग’ हा इंग्रजी शब्द घेतला. फ्रेंचांनी बराच काळ त्याला ‘फूटिंग’ म्हटले. शब्दाचा पेहराव इंग्रजी, पण या अर्थाने तो इंग्रजांच्या तोंडी कधी नव्हता! नाव काहीही असो, धावणाऱ्याला बुटांच्याही आधी हवी असते ती मोकळी वाट. ती कोठून आली, कोणी राखली आणि उद्याही ती मोकळी राहील कशावरून, हा विचार मात्र धावता धावता सहसा मनात येत नाही. या महिन्यात तो विचार करू, आणि त्यासाठी फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात जाऊ. कारण तेथे या प्रश्नाची उत्तरे अक्षरशः पायांखाली पसरलेली आहेत.

बर्गंडीत बोन नावाचे एक तटबंदीचे जुने गाव आहे. 1443 साली निकोला रोलँ या सरदरबारी अधिकाऱ्याने आणि त्याची पत्नी गिगोन हिने गोरगरिबांसाठी तेथे रुग्णालय बांधले. त्याचे रंगीत कौलांचे नक्षीदार छप्पर आजही पाहणाऱ्याला थांबवते. या गावापासून दक्षिणेकडे सांतने गावापर्यंत सुमारे वीस-बावीस किलोमीटरची एक वाट द्राक्षमळ्यांतून जाते. ती आखली मुख्यतः सायकलस्वारांसाठी; पण पायी चालणारे आणि धावणारेही तिच्यावर तितक्याच हक्काने असतात. पोमार, व्होलने, मर्सो, प्युलिन्यी, शासान्य अशी एकामागून एक गावे लागतात. ज्यांच्या नावांच्या बाटल्या जगभर मोठ्या किमतीला विकल्या जातात, ती ही गावे प्रत्यक्षात एखाद्या चर्चचा मनोरा, दगडी घरे आणि एक चौक एवढीच असतात. वाटेच्या दोन्ही अंगांना कमरेइतक्या उंचीच्या द्राक्षवेलींच्या सरळ रांगा आणि मधूनमधून रचीव दगडांच्या ठेंगण्या भिंती. चढ बेताचे आहेत. पण सावली जवळजवळ नाही. म्हणून उन्हाळ्यात तेथे जाणाऱ्याने सूर्याच्या आधी निघावे हे बरे. गावांतून कारंजी असतात. मात्र त्यांवर ‘नॉं पोताब्ल’ अशी पाटी असली तर ते पाणी पिण्याजोगे नाही असे समजावे.

आता मळ्यांत इतक्या वाटा का, हे पाहू. बर्गंडीतील द्राक्षभूमी लहान लहान तुकड्यांची बनली आहे. प्रत्येक तुकड्याची माती, उतार आणि ऊन वेगळे, म्हणून त्याचे नावही वेगळे. अशा 1,247 नामांकित तुकड्यांना 2015 साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्यातच फ्रेंच राज्यक्रांतीने मठांच्या जमिनी विकल्या आणि 1804 च्या दिवाणी संहितेने वडिलोपार्जित मालमत्ता मुलांत सारखी वाटण्याचा नियम पक्का केला. बोनच्या उत्तरेस क्लो द व्हूजो हा सुमारे पन्नास हेक्टरांचा मळा आहे. शतकानुशतके तो सितो मठाच्या साधूंचा एकसंध मळा होता. आज त्याच भिंतीच्या आत सुमारे ऐंशी मालक आहेत. वाटणी आणि तुकडे यांचे दुखणे आपल्याला सांगायला नकोच! पण जितके तुकडे तितके जाण्यायेण्याचे मार्ग लागणार. आपल्याकडे दोन शेतांच्या मधून जाणाऱ्या गाडीवाटेला पाणंद म्हणतात. बर्गंडीतील धावण्याच्या वाटा म्हणजे मुळात अशाच पाणंदी होत.

याचा एक साधा अर्थ असा, की तेथे धावणारा माणूस दुसऱ्याच्या कामाच्या जागेतून जात असतो. वेलींच्या रांगेवर दोन्ही बाजूंना चाके टाकून उंच पायांच्या कोळ्यासारखा चालणारा ट्रॅक्टर समोरून आला, तर वाट त्याची. आपण बाजूला व्हावे. औषधाची फवारणी चालू असेल तर तो रस्ता त्या दिवसापुरता सोडावा. नाशिक-सांगलीच्या बागाईतदारांना ठाऊक असलेले ‘बोर्डो मिश्रण’ हे मोरचूद आणि चुन्याचे औषध फ्रान्सचेच. बोर्दो येथील प्राध्यापक मिलार्दे यांनी केवड्याच्या रोगावर 1885 साली त्याचा उपाय प्रसिद्ध केला, आणि त्या शहराचे नाव आपल्या द्राक्षबागांत कायमचे रुजले. घडाला हात लावू नये, हे तर सांगावयासही नको. समोर येणाऱ्याला ‘बॉंजूर’ म्हणावे. खेड्यात न बोलता पुढे जाणे तेथेही शिष्टाचाराला सोडून समजतात.

या कष्टकऱ्यांचे वर्षही आता पूर्वीसारखे राहिलेले नाही. बोन येथे द्राक्षतोडणी कोणत्या दिवशी सुरू झाली याच्या नोंदी 1354 सालापासून जुळवता येतात. संशोधकांनी 2019 साली ती मालिका प्रसिद्ध केली. 1987 पर्यंतच्या शतकांत तोडणी सरासरीने सप्टेंबरच्या अठ्ठावीस तारखेच्या सुमारास सुरू होत असे. 1988 पासूनच्या काळात ती सरासरी तेरा दिवस अलीकडे आली आहे. तापमानवाढीचा याहून बोलका पुरावा क्वचितच सापडेल. उन्हाळा असा पुढे सरकत असताना वसंतातली थंडी मात्र अधूनमधून दगा देतेच. एप्रिल 2021 मध्ये कोवळे अंकुर दहिवरातून वाचविण्यासाठी शेतकऱ्यांनी रात्रीच्या रात्री मळ्यांतून मेणाच्या हंड्या पेटवल्या होत्या. पहाटे धावणाऱ्याला जे दृश्य रम्य वाटेल, ते पाहताना त्यामागे एका कुटुंबाचे वर्षभराचे पोट आहे, हे विसरू नये.

सांतनेला पोहोचले की मळे संपत येतात आणि पाण्याची संगत सुरू होते. तेथून शान्यीमार्गे शालोंपर्यंत एक जुना कालवा जातो. एमिलां गोते या स्थापत्यविशारदाच्या देखरेखीखाली 1783 ते 1793 या दहा वर्षांत तो खोदला गेला. सोन आणि ल्वार या दोन नद्या त्याने जोडल्या, म्हणजेच भूमध्य समुद्राकडे जाणारे पाणी अटलांटिककडे जाणाऱ्या पाण्याला भेटवले. शालों येथे सोन नदी येते. छायाचित्रणाचा जनक निसेफोर न्येप्स याचे हे जन्मगाव. कालव्याकाठची वाट सपाट, गुडघ्यांना मानवणारी, आणि बऱ्याच ठिकाणी झाडांच्या सावलीची. पाणी चढवून-उतरवून नावा वरखाली करणारी दारे जेथे आहेत, तेवढ्यापुरता काय तो लहानसा चढ. पण ही वाट कोणी हौसेने बांधलेली नाही. नावांना दोर बांधून घोडे आणि माणसे त्या काठाकाठाने ओढीत नेत. ती त्यांची वाट. आज जेथे आपण छाती भरून श्वास घेतो, तेथे कोणाच्या तरी छातीवर दोराचे वळ उठले होते.

नद्यांच्या काठी तर या वाटांना कायद्याचे पाठबळ आहे. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याच्या काळात 1669 साली निघालेल्या राजाज्ञेने नौकावहनाच्या नद्यांलगतच्या जमीनदारांना बजावले, की नावा ओढल्या जातात त्या काठी चोवीस फूट आणि पलीकडच्या काठी दहा फूट जागा मोकळी सोडा. तेथे झाड लावू नका, कुंपण घालू नका. वाफेची एंजिने आली, दोर गेले, घोडे गेले. पण नियम टिकला. सरकारी मालकीच्या नद्यांच्या काठी आजही सव्वातीन मीटरांची पट्टी मोकळी ठेवावी लागते, आणि 2006 च्या अखेरीस झालेल्या पाणीविषयक कायद्याने ती पायी जाणाऱ्या सर्वांना खुली केली. जमीन खाजगी, पण पाऊल सार्वजनिक, असा हा तोडगा आहे. आपल्या नर्मदेच्या परिक्रमेला असा कायदा नाही. तेथे काठाची वाट परिक्रमावासीयांच्या श्रद्धेने आणि काठच्या गावांच्या औदार्याने टिकली. जातकुळी निराळी असली तरी नदीकाठी कोणालाही चालता यावे, ही भावना एकच.

मात्र मळ्यांतील गावरस्त्यांचे पाठबळ एवढे पक्के नाही. फ्रान्समध्ये असे रस्ते गावाच्या ग्रामसभेच्या मालकीचे असतात. लोकांची वर्दळ आहे तोवर ते लोकांसाठीच राहतात. पण वापर थांबला, तर चौकशीअंती ग्रामसभेला तो रस्ता विकून टाकता येतो. मग शेजारचा नांगर त्यावरून फिरतो आणि पुढच्या पिढीला तेथे वाट होती हेही कळत नाही. म्हणजे रोज सकाळी त्या वाटेने जाणारा धावपटू, शाळकरी पोर किंवा काठी टेकत जाणारी आजी, हे नकळत त्या वाटेची साक्ष देत असतात. गवतात उमटलेले पाऊल हाच येथे पुरावा!

बोर्दोजवळच्या मेदॉक भागात 1985 पासून होणारी मॅरेथॉन प्रसिद्ध आहे. नाना सोंगे घेतलेले हजारो स्पर्धक मळ्यांतून बेचाळीस किलोमीटर धावतात आणि वाटेत पाण्याबरोबर मद्याचेही पेले ठेवलेले असतात. ज्याला त्यात गोडी वाटेल त्याने ती घ्यावी. पण मद्य आणि ऊन एकत्र आले की शरीरातले पाणी लवकर आटते, हे आपल्या परदेशी शिकणाऱ्या मुलामुलींनी ध्यानात ठेवलेले बरे. आणि अशी जत्रा वर्षातून एकदाच भरते. वाट राखण्याचे काम मात्र उरलेल्या साध्या दिवसांचे आहे.

म्हणूनच बर्गंडीची ही हकीकत दूरदेशीचे नवल म्हणून सांगितली नाही. आपल्या गावाकडच्या पाणंदी आठवून पाहा. कोठे बांध एक वीत पुढे सरकला, कोठे काटेरी कुंपण आले, कोठे बाभळी माजल्या, आणि चालणारे डांबरी रस्त्याकडे वळले. नकाशात पाणंद राहते, जमिनीवर उरत नाही. सुटीत गावी गेलात, तर एखाद्या सकाळी मुलांना बरोबर घेऊन त्या पाणंदीने फिरून या. धावलात तर उत्तम, नुसते चाललात तरी चालेल. वाटेत भेटणाऱ्याला राम राम घाला, आणि ही पाणंद कोठवर जाते, असे विचारा. ज्या वाटेची कोणी विचारपूस करते, ती सहसा एका रात्रीत नाहीशी होत नाही.