खर्च दिसतो, वस्तू दिसत नाही

पावसाळ्याच्या तोंडावर गावोगावच्या ग्रामपंचायती पाणी निर्जंतुक करण्यासाठी ब्लीचिंग पावडर विकत घेतात. गावात तिला टीसीएल म्हणतात; बिलावर कधी ‘ब्लीचिंग’ तर कधी ‘जंतुनाशक’ असे लिहिलेले असते; आणि नोंदवहीत तिची वासलात ‘पाणीपुरवठा साहित्य’ या दोन शब्दांत लागते. वस्तू एक, नावे चार. एखाद्या तालुक्यातील पंचायतींनी वर्षभरात ही पावडर किती घेतली व कोणत्या दराने घेतली, असा साधा प्रश्न कोणी विचारला, तर प्रत्येक दप्तरातील बिले हाताने चाळल्यावाचून उत्तर मिळणे कठीण. वरवर पाहता हा कारकुनी दोष वाटेल. परंतु सार्वजनिक पैशाचा जाब विचारण्याचा नागरिकाचा अधिकार नेमका येथेच अडखळतो.

आपल्या स्थानिक संस्थांच्या हिशेबाला संकेतांक नाहीत असे नव्हे. नगरपालिकांसाठी २००४ साली राष्ट्रीय लेखासंहिता तयार झाली आणि पंचायतींसाठी २००९ साली आदर्श लेखापद्धती आली. या दोहोंत प्रत्येक लेखाशीर्षाला क्रमांक आहे. मात्र लेखाशीर्ष सांगते ते पैसा कोणत्या कामासाठी खर्च झाला एवढेच. त्या पैशातून कोणती वस्तू, किती आणि कोणत्या भावाने आली, हे सांगण्यासाठी वस्तूलाच क्रमांक असावा लागतो.

इतर देशांतील स्थानिक संस्थांनी ही गरज पूर्वीच ओळखली. अमेरिकेतील अनेक राज्ये, शहरे व शाळामंडळे ‘एनआयजीपी’ संकेतांक वापरतात. त्यातील पहिले तीन अंक वस्तूचा वर्ग सांगतात आणि पुढचे दोन त्या वर्गातील वस्तू. विक्रेता आपल्या मालाचे संकेतांक नोंदवतो आणि त्या मालाची निविदा निघाली की त्याला सूचना जाते. युरोपीय संघाने २००२ साली नियम करून समान खरेदी-शब्दावली स्वीकारली व २००८ साली ती सुधारली. तिच्यात आठ अंक आणि तपासणीचा नववा अंक असतो. संघाच्या सर्व अधिकृत भाषांत एका क्रमांकाचा अर्थ एकच असल्याने, ठराविक रकमेवरील निविदासूचना कोणत्याही गावच्या नगरपालिकेची असो, ती दूरच्या विक्रेत्यालाही उमगते.

आपल्याकडे तर नवी संहिता रचण्याचेही कारण नाही. जागतिक सीमाशुल्क संघटनेची सुसंवादी वर्गीकरणपद्धती १ जानेवारी १९८८ पासून जगात लागू आहे. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी आला, तेव्हा तीच पद्धती ‘एचएसएन’ या नावाने आपल्या व्यापाऱ्याच्या दुकानात पोचली. वर्षाला पाच कोटींहून अधिक उलाढाल असणाऱ्या विक्रेत्याने बिलावर सहा अंकी संकेतांक लिहिणे १ एप्रिल २०२१ पासून बंधनकारक आहे. लहान व्यापाऱ्याला चार अंक पुरतात आणि नोंदणी नसलेल्या ग्राहकाच्या बिलावर तेही न लिहिण्याची त्याला मुभा आहे. ब्लीचिंग पावडर २८२८ या शीर्षकाखाली येते, सिमेंट २५२३ खाली, तर पाण्याचे पंप ८४१३ खाली. म्हणजे पुष्कळ बिलांवर हे आकडे छापलेलेच असतात. प्रश्न आहे तो ते खरेदीच्या नोंदवहीत उतरवून घेण्याचा. २४ एप्रिल २०२३ रोजी पंचायतींची ‘ई-ग्रामस्वराज’ प्रणाली ‘जेम’ या सरकारी बाजारपेठेशी जोडली गेली, त्यामुळे वाट अर्धी तरी सोपी झाली आहे.

या नोंदीचा लाभ काय? पहिला, दरांची तुलना. शेजारच्या दोन पंचायतींनी एकच माल वेगवेगळ्या भावाने घेतला असेल, तर तो फरक लेखापरीक्षकाची वाट न पाहता दिसेल. दुसरा, खरेदीचे तुकडे पाडण्याला आळा. निविदेची मर्यादा चुकवण्यासाठी मागणी लहान लहान भागांत विभागू नये, असे केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतील नियम १५७ सांगतो. पण प्रत्येक बिलावर नाव निराळे असेल, तर हे तुकडे जुळवणार कोण? तिसरा लाभ असा की, तालुक्याची एकत्रित गरज कळली की एकत्र खरेदीचा विचार करता येतो.

तथापि संकेतांकाला सर्वज्ञ मानणे चुकीचे ठरेल. एचएसएन करआकारणीसाठी घडले आहे, ग्रामपंचायतीच्या सोयीसाठी नव्हे. रस्त्यावरच्या दिव्याचा एलईडी बल्ब ८५३९ मध्ये जातो, तर त्याचे संपूर्ण फिटिंग ९४०५ मध्ये. शाळेचा बसण्याचा बाक ९४०१ मध्ये, तर टेबल व कपाट ९४०३ मध्ये. शिवाय ‘इतर’ हे सोयीचे उपशीर्षक असतेच. नको असलेली नोंद तेथे सहज लपते. आणि संकेतांक गुणवत्ता सांगत नाही. ब्लीचिंग पावडर साठवणीत पडून राहिली की तिच्यातील उपलब्ध क्लोरीन घटते. २८२८ हा आकडा मात्र तसाच राहतो. म्हणून संकेतांकाबरोबर भारतीय मानकाचा क्रमांक, येथे आयएस १०६५, आणि मोजमापाचे एकक लिहिल्यावाचून दरांची तुलना न्याय्य होणार नाही. स्वस्त पण निकामी पावडर घेणारी पंचायत शहाणी ठरावी, असे कोणी म्हणणार नाही.

त्यासाठी जिल्हा परिषदेने नेहमी लागणाऱ्या शे-दोनशे वस्तूंची मराठी यादी करावी. प्रत्येक वस्तूचे एकच प्रमाण नाव, एचएसएनचे अंक, मानक आणि एकक तीत असावे. आधीच अनेक नोंदींखाली वाकलेल्या ग्रामपंचायत कर्मचाऱ्याला हजारो क्रमांक शोधायला लावणे म्हणजे ‘इतर’ची भरती करणे होय, छोटी यादी मात्र तो निभावू शकेल. व्यापाऱ्याने बिलावर संकेतांक लिहिला नसला, तरी या यादीवरून तो भरता येईल आणि तेवढ्या कारणाने गावातला लहान दुकानदार खरेदीबाहेर ढकलला जाणार नाही.

ही यादी आणि तिच्यासमोर दिलेले दर वर्षातून एकदा ग्रामसभेपुढे मांडले जावेत. आज ग्रामसभेला खर्चाचा आकडा ऐकवला जातो आणि ती मान डोलावते. शेजारच्या गावाचा दर समोर असेल, तर कोणीतरी उठून विचारील, ‘आपल्याला ही पावडर महाग का पडली?’ या प्रश्नाचे उत्तर देणे भाग पडले, तरच नोंदवहीतील त्या चार आकड्यांचे श्रम कारणी लागले असे म्हणता येईल.