संदेशांची रांग कोणाच्या हाती?

(खास प्रतिनिधी)

ठाणे – मार्चअखेर जवळ आली की ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांत मालमत्ताकर भरणाऱ्यांची घाई सुरू होते. पूर्वी ही गर्दी खिडकीसमोर दिसे. आता तिचा मोठा भाग संगणकाच्या पडद्यामागे गेला आहे. घरबसल्या कर भरणाऱ्याचे काम एका बटणात संपते. त्या बटणामागे मात्र बँकेचा होकार, कराच्या खात्यातील नोंद, पावती, मोबाइलवरील सूचना आणि लेखा विभागाचा जमाखर्च अशी अनेक कामे निरनिराळ्या संगणकप्रणालींना पार पाडावी लागतात. त्यांतील एक जरी दहा मिनिटे बंद पडली, तरी बँकेतून पैसे गेले आणि थकबाकी तशीच राहिली, असा प्रसंग ओढवू शकतो.

तो टाळण्यासाठी या प्रणालींच्या मध्ये जी यंत्रणा बसवतात, तिला 'मेसेज ब्रोकर' म्हणतात. तिचे काम टपाल कचेरीसारखे आहे. एका प्रणालीने दिलेला संदेश ती जपून ठेवते, दुसरी प्रणाली बंद असेल तर थांबते आणि पोच मिळेपर्यंत संदेश रांगेतून काढत नाही. रॅबिटएमक्यू, अ‍ॅक्टिव्हएमक्यू आणि काफ्का ही या क्षेत्रातील परिचित नावे. तिन्ही सॉफ्टवेअर मुक्त स्रोताची, म्हणजे परवान्याचे शुल्क न देता वापरता येणारी आहेत. मग ती आपल्याच संगणककक्षात चालवावीत, की देखभालीसह क्लाऊडवर भाड्याने घ्यावीत, हा खरा प्रश्न आहे.

कल्याण-डोंबिवलीला हा प्रश्न परका नाही. शतक बदलण्याच्या सुमारास राज्यात ई-प्रशासनाची वाट प्रथम चोखाळली ती याच महापालिकेने, आणि पुढे तिचा नमुना राज्यातील इतर पालिकांसाठी स्वीकारला गेला. त्या काळी आपला सर्व्हर आपल्याच इमारतीत असणे स्वाभाविक होते. दुसरा पर्याय जवळपास नव्हताच. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या १२ लाख ४७ हजार, तर ठाण्याची १८ लाख ४१ हजार होती. एवढ्या वस्तीच्या व्यवहारांसाठी एका खोलीतील यंत्रणेवर किती विसंबावे, याचा विचार आता व्हायला हवा.

स्वतःचा ब्रोकर चालवण्याचा खर्च परवान्यात नसतो, राखण्यात असतो. संदेश हरवू नयेत म्हणून तो साधारणपणे तीन सर्व्हरवर चालवतात. त्यांतील दोन जिवंत असतील तरच काम सुरू राहते. हे तिन्ही सर्व्हर एकाच कक्षात, एकाच वीजजोडणीवर असतील तर त्या तीनपणाला फारसा अर्थ उरत नाही. २६ जुलै २००५ च्या महापुराने उल्हास नदीकाठच्या गावांची दैना केली. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा वाहिनीवरील बिघाडानंतर मुंबई-ठाण्याचा वीजपुरवठा कोलमडला आणि लोकल गाड्याही थांबल्या. दोन्ही घटना आपल्या परिसरातल्याच आहेत.

शिवाय सुरक्षेचे काम कधीच संपत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये अ‍ॅक्टिव्हएमक्यूमध्ये अतिगंभीर त्रुटी उघड झाली. सुधारित आवृत्ती उपलब्ध होती, पण ती वेळेवर न बसवणाऱ्यांच्या सर्व्हरवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचे हल्ले झाले. मार्च २०२५ मध्ये आलेल्या काफ्काच्या चौथ्या आवृत्तीतून 'झूकीपर' हा जुना आधारघटक पूर्णपणे वगळण्यात आला. तो वापरणाऱ्यांना आधी स्थलांतर करणे भाग पडले. ही कामे जाणणारा एक अभियंता पुरत नाही. तो रजेवर गेला तर दुसरा हवाच. वागळे इस्टेटमधील एखाद्या लहान सॉफ्टवेअर कंपनीला किंवा महापालिकेच्या संगणक विभागाला हे परवडेल काय?

भाड्याच्या सेवेत सर्व्हर, सुधारणा आणि राखीव यंत्रणा यांची जबाबदारी प्रामुख्याने पुरवठादार घेतो. अ‍ॅमेझॉनचे मुंबई केंद्र जून २०१६ पासून, तर गुगलचे नोव्हेंबर २०१७ पासून सुरू आहे. क्लाऊड म्हणजे काही आभाळ नव्हे. देशातील अनेक मोठी डेटा सेंटर खाडीपलीकडे ऐरोली-महापे पट्ट्यातच उभी आहेत. राज्य सरकारनेही जानेवारी २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाऊडबाबत धोरण जाहीर केले होते.

याचा अर्थ ही सेवा निर्धोक आहे असा नव्हे. २५ नोव्हेंबर २०२० रोजी अ‍ॅमेझॉनची 'कायनेसिस' ही संदेशप्रवाहाची सेवा अमेरिकेतील व्हर्जिनियात कोसळली, आणि निमित्त झाले ते क्षमता वाढवण्याचे. २० ऑक्टोबर २०२५ रोजी तेथेच पुन्हा मोठा बिघाड झाला. देयकाचेही तसेच. काही सेवा संदेशांच्या संख्येवर, तर काही तासावर आकारणी करतात. तासाची आकारणी रांग रिकामी असतानाही चालूच राहते. कामाचा भार मोठा आणि स्थिर असेल व अनुभवी पथक हाताशी असेल, तर स्वतःची यंत्रणा स्वस्त पडू शकते. डोंबिवली एमआयडीसीतील कारखान्यात इंटरनेट तुटले म्हणून यंत्रे थांबून चालत नाहीत. तेथे स्थानिक ब्रोकर हवाच.

महापालिकांची गरज वेगळी आहे. वर्षभर बेताचा आणि मार्चअखेर उसळणारा भार, मोजके तंत्रज्ञ आणि जनतेचा पैसा, ही परिस्थिती भाड्याच्या सेवेकडेच बोट दाखवते. मात्र निविदेत तीन अटी असाव्यात. संदेशवहन एएमक्यूपीसारख्या खुल्या मानकावर असावे, म्हणजे पुरवठादार बदलता येईल. माहिती देशातच राहावी. आणि सेवा बंद पडल्यास अडकलेले व्यवहार कसे जुळवायचे, याची तालीम वर्षातून एकदा तरी व्हावी.

वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. काम दुसऱ्याकडे सोपवले तरी उत्तरदायित्व मूळ संस्थेचेच राहील, असे हा कायदा सांगतो. कर भरूनही थकबाकीची नोटीस हाती पडलेला नागरिक शेवटी महापालिकेच्याच दारात उभा राहणार आहे.