बॅकपॅकर हॉस्टेल, आपल्या मुली आणि आपले नियम



आज जरा वेगळा विषय घेतलाय. गेल्या जानेवारीत मी आणि माझी लेक बँकॉकला सहा रात्री एका बॅकपॅकर हॉस्टेलमध्ये राहिलो. हॉस्टेल म्हणजे कॉलेजच्या मुलींचं वसतिगृह नव्हे. पाठीवर एक सॅक घेऊन देश फिरणाऱ्यांसाठीची ही स्वस्त उतरण्याची जागा. एका खोलीत सहा-आठ पलंग, एकावर एक. प्रत्येक पलंगाला पडदा, उशाशी छोटा दिवा, खाली कुलूप लावायचं कपाट. न्हाणीघर आणि स्वयंपाकघर सगळ्यांचं मिळून. संध्याकाळी खालच्या हॉलमध्ये गाणी, पत्ते, बिअर आणि रात्री दोनपर्यंत गलका.

परत आल्यावर मंदिरात, मंडळात, हळदीकुंकवाला एकच प्रश्न आला, "अगं, तिथे नियम कसा पाळला?" दोघी-तिघींनी तर हळूच विचारलं, "लेकीचं लग्न व्हायचंय ना अजून?" त्याच सुमारास आमच्या मंडळातल्या एका बाईंच्या मुलीचं मैत्रिणींबरोबरचं थायलंडचं तिकीट रद्द झालं. पैसे तिने स्वतःच्या पगारातले भरले होते. घरच्यांनी नुसता 'हॉस्टेल' हा शब्द ऐकला आणि विषय संपवला. ती मुलगी अजून आईशी धड बोलत नाही. म्हणून माझं मत मांडतेच. आपल्या मुलींना तिथे राहू द्यावं, आणि जमेल तिने स्वतःही एकदा राहून पाहावं.

आधी ती जागा कशी आहे ते सांगते, म्हणजे कोणी म्हणायला नको की गोडगोड लिहिलंय.

खाओसान रोड हा बँकॉकच्या जुन्या भागातला रस्ता. राजा चुलालोंगकोर्नच्या काळात, १८९२ मध्ये बांधलेला. 'खाओ सान' म्हणजे सडलेले तांदूळ. पूर्वी इथे तांदळाचा बाजार भरायचा. १९८०च्या दशकात इथल्या घरांमधून स्वस्त गेस्टहाउस निघाली आणि जगभरचे सॅकवाले इथे उतरू लागले. आज संध्याकाळनंतर हा रस्ता म्हणजे जत्रा. दोन्ही बाजूंना बार, प्रत्येकाचं गाणं वेगळं आणि शेजारच्यापेक्षा मोठं. काड्यांना टोचून विंचू विकतात, ते लोक फोटोसाठी विकत घेतात. थायलंडने २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, तेव्हा इथे त्याची दुकानंच दुकानं झाली. २०२५ मध्ये नियम पुन्हा कडक केले. पण मुलीला पाठवताना आईला हे ठाऊक हवं आणि मुलीलाही. कोणी दिलेला केक, बिस्किट, गोळी तोंडात टाकायची नाही, हे तिला लहानपणी सांगितलं तसंच पुन्हा सांगायचं.

आता नियमाचं बोलू.

जानेवारीत बँकॉकचा सूर्यास्त साधारण सव्वासहाच्या आत होतो. हॉस्टेलची धमाल सुरू होते आठला. आम्ही साडेपाचला जेवून मोकळ्या. हॉलमध्ये तेव्हा कोणी नसायचं, सगळी मंडळी बाहेर नाहीतर झोपलेली. स्वयंपाकघरात एकच तवा, त्यावर सकाळी अंडी आणि डुकराचं मांस. त्या तव्याला आम्ही हात लावला नाही. पाण्याची किटली मात्र फक्त पाण्याची होती. गाळलेलं पाणी त्यात उकळायचं आणि बरोबरच्या स्टीलच्या डब्यात पातळ पोहे, भाजणीचं पीठ, मेतकूट असं काहीतरी भिजवायचं. खाकरे होतेच. बाकी पेरू, पपई, केळी, कोवळा नारळ गल्लीत पावलोपावली. उपाशी राहायची वेळ एकदाही आली नाही.

बाहेर खायचं तर दोन शब्द शिकून जा. पहिला 'मांगसविरात'. ऐकल्याबरोबर कळतं ना? आपलाच 'मांस' आणि 'विरति'. पण त्यात अंडं चालतं आणि कांदा-लसूणही असतो. दुसरा शब्द 'जे'. पिवळ्या पाटीवर किंवा झेंड्यावर लाल अक्षरात लिहिलेला असतो. ही चिनी बौद्ध परंपरेतली शाकाहाराची रीत. त्यात मांस, मासे, अंडं, दूध नाही. कांदा, लसूण आणि त्यांच्या जातीच्या उग्र वासाच्या भाज्याही नाहीत. त्या वर्ज्य यादीत तंबाखूसुद्धा आहे! चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात, बहुतेक वेळा आपल्या नवरात्राच्या आसपास, नऊ दिवस हे व्रत असतं. तेव्हा याओवारात या चिनी वस्तीत रस्तेच्या रस्ते पिवळे होतात. मात्र 'जे' लिहिलंय म्हणून डोळे मिटून खाऊ नका. कंदमुळं आणि मशरूम त्यात चालतात. बटाट्याला तिथे 'मान फरांग' म्हणतात. 'मान' म्हणजे कंद आणि 'फरांग' म्हणजे आपला फिरंगी. आणि साध्या दुकानात भाजीच्या ताटातही माशाचा रस पडतो, म्हणून 'माय साय नाम प्ला', म्हणजे माशाचा रस घालू नका, हे वाक्य पाठच हवं.

रात्री न जेवण्याचं कारण मला पुण्यातल्या ऑफिसच्या पार्टीत जितकं समजावून सांगावं लागतं, त्याच्या निम्मंही तिथे लागलं नाही. खाओसानच्या पश्चिम टोकालाच वात चना सोंगख्राम हा मोठा विहार आहे. तिथले भिक्खू दुपारी बारानंतर दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपर्यंत जेवत नाहीत. महिन्यातून चार वेळा, चंद्राच्या अष्टमीला, पौर्णिमेला आणि अमावास्येला, 'वान फ्रा' हा उपोसथाचा दिवस येतो. त्या दिवशी काही गृहस्थही दुपारनंतर जेवण सोडतात. आपल्या अष्टमी-चतुर्दशीच्या प्रोषधाचं हे भावंडच. आमच्या हॉस्टेलच्या काउंटरवरच्या मुलीला मी सूर्यास्तानंतर खात नाही म्हटलं, तर ती म्हणाली, "माझी आजी वान फ्राला असंच करते." संपलं. पुढे चर्चा नाही, कीव नाही, 'एक दिवस चालतं गं' नाही.

आता मूळ मुद्दा. आपण आपल्या मुलींना नियम दिले, पण 'नको' म्हणायला शिकवलं का? घरी त्यांना ते म्हणावंच लागत नाही. कांदा घरात येत नाही, त्यामुळे तो नाकारायचा प्रश्न नाही. दिवेलागणीला स्वयंपाकघर बंद होतं, त्यामुळे रात्री खायचं की नाही हे ठरवायची वेळच येत नाही. म्हणजे नियम पाळतं ते घर, मुलगी त्यात फक्त राहते. मग ती नोकरीला बंगळुरूला जाते. तिथे पहिल्यांदा कोणीतरी ताट पुढे करतं, आणि तिच्याजवळ त्यासाठी शब्दच नसतात. काही मुली खातात आणि घरी लपवतात. काही जणी माणसंच टाळतात. मला या दोन्हींची काळजी हॉस्टेलपेक्षा जास्त वाटते.

हॉस्टेलमध्ये 'नको' दिवसातून दहा वेळा म्हणावं लागतं. सात वाजता एक पोरगा वही घेऊन फिरायचा, रात्री बारमधून बारमध्ये जाणाऱ्या टोळीत नावं लिहायला. पहिल्या दिवशी लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तकातून डोकं वर काढलं नाही. ती म्हणाली, "मी दारू पीत नाही, पण नंतर पत्ते खेळायला येईन." तो "बरं" म्हणाला आणि पुढे गेला. तिसऱ्या दिवशी तिला ते सांगताना हसूही येत होतं. तिच्या खोलीतल्या कोरियाच्या आणि चिलीच्या मुली तिच्याबरोबर फळं खायला लागल्या. नियम सांगितल्याने कोणी दुरावलं नाही. नियम कुजबुजत, ओशाळून सांगितला की मात्र लोक प्रश्न विचारतात, हेही तिच्या लक्षात आलं.

जैन आचारी बरोबर घेऊन जाणाऱ्या टूर वाईट आहेत असं मी म्हणत नाही. माझ्या सासूबाई त्यामुळेच परदेश पाहू शकल्या. पण तिथे आपण आपलंच घर उचलून नेतो. बसमधून उतरायचं, फोटो काढायचा, पुन्हा आपल्याच लोकांत. शिवाय खर्च बघा. हॉस्टेलचा पलंग काही शे बातमध्ये मिळतो. पगारातून साठवणाऱ्या मुलीला हेच परवडतं. आणि एक सॅक, एक पडदा, एक कुलूप एवढ्यावर आठवडा काढणं हा अपरिग्रहाचा धडा मला पाठशाळेतही इतका नीट कळला नव्हता.

पाठवणार असाल तर काही गोष्टी पक्क्या ठरवा. फक्त बायकांची खोली घ्यायची. शहरात दिवसाउजेडी पोचायचं. कुलूप स्वतःचं न्यायचं, पासपोर्ट कपाटात ठेवायचा. आपला पेला नजरेआड झाला तर त्यातलं पुन्हा प्यायचं नाही. कानात घालायचे बोळे न्यायचे, नाहीतर रात्री झोप नाही. हॉस्टेल रस्त्यावरचं न घेता मागच्या गल्लीतलं घ्यायचं. पहाटे सहाला उठायची सवय असेल तर फारच उत्तम. त्या वेळी रात्रभर जागलेली पोरं परतत असतात आणि त्याच रस्त्यावर भगव्या वस्त्रातले भिक्खू पात्र घेऊन निघालेले असतात. दोघंही एकमेकांना वाट देतात.

सगळ्यांना ही जागा मानवेल असं नाही. ज्यांना शांतता हवी, ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांनी वरच्या पलंगाच्या नादी लागू नये. पण 'आपल्यातल्या मुली तिथे राहत नाहीत' हे कारण मला पटत नाही. मुलगी नियम पाळते की नाही हे ती कुठे झोपते यावर ठरत नाही. तो नियम तिने स्वतः घेतलाय की आपण तिच्यावर नुसता पांघरलाय, यावर ठरतं. तिकीट रद्द करण्याआधी एवढं तिला विचारा. उत्तर ऐकून मग ठरवा.