परक्याला रोख आणि शेजाऱ्याला उधारी



आज दावण्या नाही, भुरी नाही, कुठलं शेड्यूलही नाही. सबकेनचं काम उरकलंय, काडी पिकायला लागलीय आणि चार दिवस झाले पाऊस बागेत पाय ठेवू देईना. म्हणून जरा वेगळ्या विषयावर लिहितोय. बागायतदारांनी वाचावंच, पण हे पान कृषी खात्यातले आणि कंपन्यांतले साहेब लोकही बघतात, त्यांनीही वाचावं.

विषय आपल्या तासगाव भागाचा. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की एकदा तरी विचारतात, "काय ठेवलंय ओ तिथं?" आपण सांगतो, हवा चांगली, माणसं चांगली, घरचं दूध-भाजी. ते खरं आहे, पण एवढ्यावर कुणी गावात टिकत नाही. मी इथं का राहतो याचं माझं उत्तर साधं आहे. माझ्या शेतीला ज्या ज्या माणसाची गरज पडते, तो माणूस मला पंधरा-वीस किलोमीटरच्या आत भेटतो. अशी सोय फार कमी तालुक्यांच्या नशिबाला आहे.

जरा मोजून बघा. रूटस्टॉक लावायचं तर रोपं देणारा नर्सरीवाला जवळ आहे. त्यावर कलम भरणारी पोरं जवळच्या गावांत आहेत, आणि त्यांचा हात असा की शंभरातली पाच डोळेसुद्धा वाया जात नाहीत. मांडवाला अँगल कापून, भोकं पाडून देणारा वेल्डर आहे. ब्लोअरचं काम करणारं वर्कशॉप आहे. पान-देठ परीक्षण करून देणारी लॅब आहे. छाटणी, पेस्ट, विरळणी, डिपिंग या प्रत्येक कामाच्या टोळ्या ठरलेल्या आहेत. माल बाहेर गेला नाही तर बेदाण्याची शेडं आहेत, पोटॅश आणि डिपिंग ऑईल ठेवणारी दुकानं आहेत, बेदाणा निवडणाऱ्या बायका आहेत, बॉक्सवाले आहेत, कोल्ड स्टोरेज आहेत, आणि शेवटाला सौदा निघणारी बाजारपेठही आहे.

हे सगळं कुठल्या एका योजनेनं आलेलं नाही. एकाची गरज बघून दुसऱ्यानं धंदा टाकला, त्याचं बघून तिसऱ्यानं. शेतकरीही त्यात मागं राहिला नाही. तास-ए-गणेश हे वाण बाहेरून आलेलं नाही, आपल्याच तालुक्यातल्या बोरगावात थॉमसनमधून निवडून काढलेलं आहे. नावातला 'तास' म्हणजे आपलं तासगाव. 2016 साली सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालं, 2018 मध्ये हळदीला मिळालं. बेदाण्याला इथली कोरडी हवा लागते हे बरोबर. पण कोरडी हवा जत-आटपाडीपासून मराठवाड्यापर्यंत पुष्कळ ठिकाणी आहे. तिथं सगळीकडं बेदाणा का झाला नाही? कारण हवेबरोबर माणसंही लागतात.

ही माणसं किती कामाची आहेत ते 2020 साली कळलं. 25 मार्चला लॉकडाऊन लागलं तेव्हा कितीतरी बागांचा माल वेलीवर होता. गाड्या थांबल्या, व्यापारी फोन उचलेनात. द्राक्ष वेलीवर किती दिवस थांबणार? तेव्हा ज्याला जमलं त्यानं माल रॅकवर नेला. लिटरला 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि 15 मिली डिपिंग ऑईल, त्यात घड बुडवून काढायचे आणि जाळीवर पसरायचे. दोन आठवड्यांत बेदाणा तयार. चार किलो द्राक्षाचा साधारण एक किलो होतो, पण तो कोल्ड स्टोरेजला टाकून ठेवता येतो, बाजार उघडेपर्यंत दम धरता येतो. सगळ्यांचा माल वाचला असं मी म्हणणार नाही, काहींचा गेलाच. पण ज्या भागात शेड नव्हतं, ऑईल देणारं दुकान नव्हतं, निवडायला बायका नव्हत्या, तिथल्या बागायतदारापुढं हा रस्ताच नव्हता.

आता मुद्द्यावर येतो.

आपल्या भागात एक मोटार रिवाइंडिंगवाले मिस्त्री आहेत. वय साठीच्या पुढं. विहिरीवरची, बोअरची, ब्लोअरची, कुठलीही मोटार द्या. लाईट रात्रीची असली की मोटारही रात्रीच जळते हे तुम्हाला सांगायला नको. अशा वेळी रात्री अकराला फोन केला तरी हा माणूस उचलतो. गेल्या महिन्यात ते म्हणाले, "अण्णा, दिवाळीनंतर शटर ओढतो."

मी विचारलं, "का ओ मिस्त्री? काम तर लई आहे."

"काम आहे, पैसा न्हाई. तांब्याची तार मला रोखीनं आणावी लागते. मोटार नेताना सगळे म्हणतात, द्राक्षं गेल्यावर देतो. द्राक्षं जातात, बेदाणा जातो. मागायला गेलं की म्हणतात, आम्ही काय पळून चाललोय काय?"

त्यांच्या वहीत अडीच लाखांची उधारी आहे. नावं आपल्यातलीच. कुणाच्या दारात नवी गाडी आहे, कुणी वाढदिवसाला मांडव घातलाय. पोरगा पुण्याला कंपनीत लागला, तो काय ही वही सांभाळायला परत येणार नाही. शिकायला दोन पोरं होती, तीही गेली.

मंडळी, हे एका मिस्त्रींचं नाही. कृषी सेवा केंद्र, वेल्डर, किराणा, गॅरेज, सगळ्यांच्या वह्या अशाच आहेत. दुसरीकडं आपल्या घरात आठवड्याला दोन-तीन पार्सलं येतात. ती कशी येतात? पैसे आधी भरून. नाहीतर पोरगा दारात उभा राहतो आणि आपण निमूट रोख काढून देतो. त्याला कधी म्हणालो का, द्राक्षं गेल्यावर देतो म्हणून? जो आपल्याला ओळखत नाही त्याला आपण रोख देतो. आणि जो रात्री अकराला उठून येतो त्याला वर्षभर थांबवतो.

उधारी वाईट असं माझं म्हणणं नाही. आपला पैसा वर्षातून एकदा येतो आणि खर्च बाराही महिने असतो. एप्रिलच्या खरड छाटणीपासून पुढच्या फेब्रुवारी-मार्चपर्यंत नुसता पैसा घालत राहायचं. दुकानदारानं थांबायचं नाही म्हटलं तर निम्म्या बागा बंद पडतील. पण माल गेल्यावर पैसे वाटायचा क्रम बघा. आधी सोसायटी-बँक, कारण तारीख चुकली तर व्याजाची सवलत जाते. मग गाडीचा हप्ता. मग लग्नकार्य, देवदेव, मोबाईल. मिस्त्री सगळ्यात शेवटी, कारण तो नोटीस पाठवत नाही.

याचा हिशोब आपल्याच अंगावर येतो. समजा दुकानाची शंभर गिऱ्हाईकं आहेत आणि वीसजण पैसे थकवतात. दुकानदार घरातून थोडाच घालणार? तो उरलेल्या ऐंशींच्या भावात ते बसवतो. मग रोखीवाला म्हणतो, इथं महाग आहे, मी बाहेरून आणतो. चांगलं गिऱ्हाईक गेलं, वाईट राहिलं, भाव अजून वाढला. असं करत करत एक दिवस शटर खाली. आपण म्हणतो दुकानदाराला धंदा जमला नाही. त्याला बुडवायला आपला हातभार किती लागला हे कुणी बघत नाही.

आणि दुकान गेल्यावर काय होतं? फुलोऱ्यात ढगाळ हवा आहे, पहाटे दव पडलंय, पानं ओली आहेत. दावण्याला एवढं बास आहे. त्याच वेळी ब्लोअरच्या पंपाचा डायफ्राम फाटतो. ऑनलाइनला तो शे-दीडशे रुपयांनी स्वस्त असेल, मान्य. पण तो तीन दिवसांनी येणार. दावण्या तीन दिवस थांबत नाही, आणि घडावर गेला तर वर्षाचं पीक गेलं. वर्कशॉपवाला सकाळी सहाला घराचं दार उघडून डायफ्राम देतो, आठला ब्लोअर बागेत. ते शे-दीडशे रुपये त्या दोन तासांचे आहेत.

औषधांचंही तेच. 2022 च्या अखेरीला केंद्रानं नियम बदलून परवानाधारकांना कीटकनाशकं ऑनलाइन विकायची मोकळीक दिली. त्यात चूक काही नाही, भाव कळतात हे चांगलंच. पण औषधानं पानं करपली तर मोबाईलच्या पडद्याला बागेत बोलावता येत नाही. दुकानदाराला येतं. तो आला नाही तर उद्या चौकात त्याला गाठता येतं, त्याच्या दुकानातला नमुना घ्यायला गुणनियंत्रण निरीक्षकाला सांगता येतं.

आता दुकानदार मंडळींनाही दोन शब्द. आपल्या भागावर प्रेम करायचं म्हणजे सगळं गोड मानून घ्यायचं असं नाही. काही दुकानांत अजून पक्कं बिल मागितलं की कपाळाला आठ्या पडतात. कायद्यानं बिल देणं बंधनकारक आहे, मेहेरबानी नाही. युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांची. तिच्याबरोबर नको असलेली विद्राव्य खतं किंवा कसलं तरी टॉनिक गळ्यात मारायचं, याला लिंकिंग म्हणतात, आणि त्यानंच गिऱ्हाईक तुटतं. वरून कंपनी दबाव टाकते हे आम्हाला कळतं. मग कंपनीशी भांडा, आम्ही बरोबर येतो. रोखीचा भाव आणि उधारीचा भाव दोन्ही लिहून लावा, म्हणजे रोखीवाल्याला आपण दुसऱ्याचं व्याज भरतोय असं वाटणार नाही. काही अडत दुकानांत सौद्याला मुठी-मुठीनं बेदाणा उधळायची खोड आहे, पट्टीत तूट धरायची खोड आहे. शेतकऱ्याचा माल पायाखाली तुडवून बाजारपेठ मोठी होत नाही.

साहेब लोकांनाही एक विनंती. शेतकरी मेळाव्यात तुम्ही नवीन औषध सांगता, नवीन वाण सांगता. कधीतरी रिवाइंडिंग, ब्लोअर दुरुस्ती, कलम भरणं शिकणाऱ्या पोरांनाही स्टेजवर बोलवा. ड्रोन येऊ द्या, सेन्सर येऊ द्या. ते बिघडल्यावर उघडून बघणारं पोरगं तालुक्यात नसेल तर सहा महिन्यांत ते गोठ्यात धूळ खात पडतं. मशीन देताना गावातल्या एका पोराला दुरुस्ती शिकवायची अट घाला.

माझ्यापुरता मी नियम केलाय तो सांगतो. वेळेवर लागणारी वस्तू, म्हणजे औषधं, पंपाचे पार्ट, मोटार, वायर, ती जवळच्याकडूनच. दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. जिच्यात घाई नाही आणि भावात मोठा फरक आहे, ती वस्तू बाहेर बघायला हरकत नाही, पण आधी आपल्या दुकानदाराला विचारायचं, या भावात देतोस का? दहातला सहावेळा तो देतो. दर्जात मात्र कुणाचाही मुलाहिजा नाही. जवळचा आहे म्हणून खराब माल घेतला तर त्याचंही नुकसान आणि आपलंही. आणि माल गेल्याची पट्टी हातात आली की पहिल्या आठवड्यात लहान उधाऱ्या भागवायच्या. हजार-पाच हजाराच्या या रकमा असतात. आपल्याला त्या किरकोळ वाटतात, पण त्या माणसाचा महिना त्यावर चालतो.

जो फेडू शकत नाही त्याच्यावर माझा रोख नाही. अवकाळीनं ज्याची बाग झोपली त्याला दुकानदारही समजून घेतो. त्यानं फक्त तोंड चुकवू नये, जाऊन सांगावं. दोन हजार तरी हातावर ठेवावेत. माणूस त्यावर वर्ष काढतो.

छाटणीला अजून वेळ आहे. बेदाणा कोल्डला असेल तर सणासुदीला तो निघेल, पैसे येतील. पेस्टची बाटली आणायला दुकानात जाल तेव्हा एवढंच करा. काउंटरवर उभं राहून स्वतःच्या तोंडानं विचारा, "माझ्या नावावर किती आहे?" त्यानं मागायच्या आधी तुम्ही विचारा. मग मिस्त्रींकडं जा, वेल्डरकडं जा. जमेल तेवढं द्या आणि उरलेल्याची तारीख सांगा.

मी सुरुवात केलीय. तुमच्या भागात असा कोण माणूस आहे ज्याच्यावाचून तुमचा हंगाम अडतो, त्याचा धंदा काय, ते खाली लिहा. नावं-नंबर टाकू नका, धंदा लिहा. एकदा यादी तरी होऊ दे आपल्याकडं काय काय आहे त्याची.