औषधाच्या चाचणीत आपली जागा कुठे?

‘रुमॅटिक हार्ट’ हा दाटीवाटीच्या वस्त्यांचा आजार. लहानपणी घशाला जंतुसंसर्ग होतो, उपचार राहून जातो, पुढे सांधे धरतात आणि हृदयाची झडप खराब होते. झडप अरुंद झाली, ठोके बिघडले की हृदयात रक्ताची गुठळी होऊ शकते. ती मेंदूत गेली तर लकवा. म्हणून रक्त पातळ ठेवण्याची गोळी रोज घ्यायची आणि आयएनआर ही रक्ततपासणी वारंवार करायची. निरोगी माणसाचा आयएनआर १ च्या आसपास असतो. या रुग्णांचा बहुधा २ ते ३ ठेवतात. कमी झाला तर गुठळीची भीती, फार वाढला तर रक्तस्रावाची.

पुढे या तपासणीची गरज नसलेल्या नव्या गोळ्या आल्या. पण २००९ च्या आसपासच्या त्यांच्या मोठ्या चाचण्यांत झडप फार अरुंद झालेल्यांना घेतलेच नव्हते. आजार गरिबाचा, आणि पात्रतेच्या यादीबाहेरही तोच! अखेर भारतासह २४ देशांत साडेचार हजारांवर रुग्णांची ‘इन्व्हिक्टस’ चाचणी झाली. २०२२ मध्ये निकाल आला: या रुग्णांत नव्या रिव्हारोक्साबॅनपेक्षा जुन्या, स्वस्त गोळीवर मृत्यू कमी झाले. ही चाचणी झाली नसती, तर महाग आणि कमी उपयोगाची गोळी आपल्याच माथी आली असती.

‘गरिबांवर प्रयोग करतात’ ही भीती उगाच आलेली नाही. पण बहिष्कृत राहण्यात संरक्षण नाही, असे आम्हाला वाटते. हक्कासह आत जावे. २०१९ च्या नियमांनुसार संमतीपत्र आपल्याला कळेल अशा भाषेत हवे, वाचता येत नसेल तर निष्पक्ष साक्षीदार हवा, चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई मिळते. कधीही बाहेर पडता येते. रक्त नीट गोठत नाही म्हणून नाकारले, तर तो अपमान समजू नये. तेच औषध जिवावर बेतू शकते. मात्र कारण जरूर विचारावे.

जुनी गोळी चांगली ठरली, पण आयएनआरशिवाय ती धोक्याची. दर वेळी रोज बुडवून शहरभर फिरायला लागले की माणूस तपासणी सोडतो. नाशिकच्या प्रत्येक वस्तीजवळच्या सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत आणि ठरल्या दिवशी व्हावी, अशी आमची मागणी आहे. विहारातल्या बैठकीत हा विषय घ्या, निवेदनावर सह्या करा. आणि घरात कुणी ही गोळी घेत असेल तर ती मनाने बंद करू नका. हिरड्यांतून रक्त आले किंवा काळी शौच झाली तर लगेच दवाखाना गाठा.

जय भीम!