पॅनोरामा उर्फ अर्साकली

क्लायंटच्या कामासाठी तीन महिने थेस्सालोनिकीला होतो. पहिल्याच वीकएंडला टीममधल्या ग्रीक मित्राने "चल, वर जाऊ" म्हणून गाडीत घातलं. वर म्हणजे पॅनोरामा. शहराच्या पूर्वेला बाराशे मीटर उंचीचा होर्तियातीस डोंगर आहे, त्याच्या उतारावरचं हे उपनगर. खाली अख्खं शहर, पुढे आखात आणि हवा स्वच्छ असेल तर पाण्यापलीकडे चक्क ऑलिंपस! तिथली त्रिगोना प्रसिद्ध आहेत. पाकात बुडवलेले कुरकुरीत त्रिकोण, आत क्रीम. मी चार हाणले. असो.

मित्राचे पणजोबा इथे आले ते काही व्ह्यू बघायला नव्हे. १९२३ च्या लोझान कराराने ग्रीस आणि तुर्कस्तानने धर्म बघून माणसांची अदलाबदल केली. आधीच पळून आलेले धरून सुमारे बारा लाख ख्रिश्चन इकडे, साडेतीन-चार लाख मुसलमान तिकडे. ग्रीसची लोकसंख्या तेव्हा जेमतेम पन्नास लाख. म्हणजे विचार करा! काळ्या समुद्राकाठच्या पोंतस भागातले निर्वासित या उतारावर वसले. गावाचं जुनं नाव अर्साकली. पॅनोरामा हे नाव नंतरचं.

आता इथे बंगले, बागा आणि उंच कुंपणं. २००१ मध्ये वस्ती साधारण साडेचौदा हजार, २०११ मध्ये साडेसतरा हजारांच्या आसपास. शहरात २०२४ साली मेट्रो आली, पण ती काही डोंगर चढत नाही, त्यामुळे गाडी हवीच. मित्र स्वतः खाली भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. पणजोबांना निर्वासित म्हणून जिथे जागा मिळाली, तिथे पणतूला घर परवडत नाही.

जनगणनेच्या तक्त्यात यातलं काहीच दिसत नाही. त्यात माणसं मोजलेली असतात, ती कुठून आली आणि कोण खाली उतरलं हे नसतं. पण मला जास्त खटकलं ते नाव.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या 'ई' सैन्यगटाचं मुख्यालय याच गावात होतं, आणि तिथल्या स्टाफवर कुर्ट वाल्डहाइम नावाचा एक तरुण अधिकारी होता. हाच पुढे १९७२ ते १९८१ संयुक्त राष्ट्रांचा सरचिटणीस. १९४१ मध्ये जखमी झाल्यावर आपण व्हिएन्नाला कायदा शिकायला परतलो, एवढंच तो सांगत आला होता. १९८६ साली ऑस्ट्रियाच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवताना बिंग फुटलं. थेस्सालोनिकीतून ४५ हजारांहून जास्त ज्यू लोकांना १९४३ साली मृत्युछावण्यांत पाठवलं, त्याबद्दल म्हणे त्याला काहीच माहीत नव्हतं. निवडणूक मात्र जिंकला!

त्याच्यावरच्या लिखाणात गावाचं नाव येतं अर्साकली. मिठाईच्या खोक्यावर असतं पॅनोरामा. आमच्या भाषेत सांगायचं तर दोन टेबलं आहेत, पण जोडायला कॉमन की नाही, मग जॉइन लागणार कसा? गावांनी नावं बदलू नयेत असं मी म्हणत नाही, निर्वासितांना आपल्या भाषेतलं नाव हवंसं वाटणारच. पण बदललेल्या नावाखाली जुनं नाव ठळक लिहायला काय हरकत आहे? मला तरी तसं कुठे दिसलं नाही. हे सगळं मी रात्री हॉटेलवर परतल्यावर वाचलं.

सोमवारी मित्राला विचारलं, ते मुख्यालय नेमकं कुठे होतं रे? त्याला ठाऊक नव्हतं. आजीला नक्की ठाऊक असणार म्हणाला, पण ती गेली. मग त्याने मला विचारलं, "पुढच्या वेळी त्रिगोना पार्सल आणू का?"