थांबलेले घड्याळ आणि उसने पूर्वज

शहर पाहणे आणि शहराच्या मुख्य चौकात उभे राहून स्वतःचे छायाचित्र काढून घेणे या दोन क्रिया एकच होत, असा समज अलीकडे चांगल्या सुशिक्षित प्रवाशांतही दृढ होत चालला आहे. उत्तर मॅसेडोनियाची राजधानी जी स्कोप्ये, तिच्याविषयी जे बोलले व लिहिले जाते ते ऐकले म्हणजे या समजाचे दुष्परिणाम चांगलेच ध्यानात येतात. एक पक्ष म्हणतो, हे शहर म्हणजे पुतळ्यांचा बाजार. तासभर हसून घ्यावे आणि पुढची गाडी धरावी. दुसरा पक्ष म्हणतो, हे पुतळे म्हणजे एका लहान राष्ट्राचा स्वाभिमान. परक्यांनी त्यास नावे ठेवू नयेत. आमच्या मते हे दोन्ही पक्ष चुकलेले आहेत आणि दोघांच्या चुकीचे मूळ एकच आहे. दोघांनीही चौकाबाहेर पाऊल टाकलेले नाही.

हे शहर पायी पाहू इच्छिणाऱ्याने आरंभ जुन्या रेल्वे स्टेशनापासून करावा. २६ जुलै १९६३ रोजी पहाटे ५ वाजून १७ मिनिटांनी येथे भूकंप झाला. एक हजारांहून अधिक माणसे मेली, लाखाहून अधिक बेघर झाली आणि शहरातील बहुतेक इमारती पडल्या किंवा निकामी झाल्या. स्टेशनाच्या दर्शनी भिंतीवरील घड्याळाचे काटे त्या क्षणावर थांबले ते थांबलेच. भग्न इमारत तशीच राखून तीत पुढे शहराचे संग्रहालय करण्यात आले. घड्याळ दुरुस्त करणे काही अवघड नव्हते; पण ते दुरुस्त न करण्यात जो शहाणपणा आहे, तो शंभर पुतळे उभारण्यात नाही. कारण त्या घड्याळास काही शोभा आणावयाची नाही; त्यास केवळ साक्ष द्यावयाची आहे.

आता या साक्षीचा दुसरा भाग पाहा. जग तेव्हा दोन तटांत विभागलेले होते. तरी स्कोप्येच्या ढिगाऱ्यात अमेरिकन लष्कराचे रुग्णालय आणि सोव्हिएत लष्कराचे अभियंते दोन्ही आले. देशोदेशींहून तयार घरे आली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या विद्यमाने नगररचनेचे काम सुरू झाले. त्यात पोलंडचे तज्ज्ञ होते, आणि ग्रीक नगररचनाकार डॉक्सियाडिस यांची संस्थाही होती. १९६५ साली शहराच्या मध्यभागासाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. तिचे पहिले बक्षीस जपानचे केन्झो तांगे आणि झाग्रेबचे स्थापत्यकार यांच्यात विभागून देण्यात आले. हिरोशिमाचे शांतिस्मारक ज्यांनी बांधले तेच हे तांगे. त्यांच्या कल्पनेतील ‘नगरभिंत’, म्हणजे मध्यभागाला वेढणारी उंच घरांची रांग, आजही पायी चालणाऱ्याच्या सोबतीला असते. टेकडीवरील आधुनिक कलेचे संग्रहालय ही पोलंडची भेट. ते १९७० साली उघडले आणि त्यात पिकासोसह जगभरच्या चित्रकारांनी पाठविलेल्या कलाकृती ठेवल्या गेल्या. या काँक्रीटच्या इमारती सर्वांनाच सुंदर वाटतील असे आम्ही म्हणत नाही. पण त्या खऱ्या आहेत. एका शहरावर संकट आले असता साऱ्या जगाने आपापले वैर क्षणभर बाजूस ठेवले, या विरळा घटनेचे त्या दगडी कागदपत्र होत.

हे कागदपत्र स्कोप्येच्याच राज्यकर्त्यांनी झाकावयास काढले, हे या शहराचे खरे दुर्दैव. २०१० साली ग्रुएव्स्की यांच्या सरकारने ‘स्कोप्ये २०१४’ नावाची योजना जाहीर केली. प्रथम आठ कोटी युरो खर्च सांगण्यात आला. शोधक पत्रकारांनी पुढे हिशेब जुळविला तो पासष्ट कोटींच्याही वर गेला. चौकात साडेचौदा मीटर उंचीचा अश्वारूढ योद्धा, जो आपल्याकडे शिकंदर म्हणून ओळखला जातो तोच, पण ग्रीसच्या भयाने त्याचे नाव मात्र न घेतलेला, जवळच विजयकमान, नदीच्या पात्रात काँक्रीटची गलबते, आणि सम्राट, संत, बंडखोर यांची पलटण! याहूनही वाईट म्हणजे भूकंपानंतरच्या काही साध्यासुध्या इमारतींवर, अगदी शासनाच्या मुख्य इमारतीवरदेखील, ग्रीकरोमन धर्तीच्या खांबांचा मुखवटा चढविण्यात आला. पुतळा उभारणे ही हौस म्हणता येईल. पण खऱ्या भिंतीवर खोटी भिंत चढविणे यास आम्ही पुरावा दडपणे असे म्हणतो.

या योजनेच्या कैवाऱ्यांचे म्हणणे आम्हांस ठाऊक आहे, आणि त्यात मुळीच तथ्य नाही असे नाही. १९९१ साली हे राष्ट्र स्वतंत्र झाले तेव्हापासून शेजारच्या ग्रीसने त्याच्या नावालाच हरकत घेतली. १९९३ साली संयुक्त राष्ट्रसंघात प्रवेश मिळाला तो तात्पुरत्या नावाने. २००८ साली नाटोचे दार नावापायीच बंद राहिले. ज्यास स्वतःचे नावही सुखाने उच्चारू दिले जात नाही, त्याने पूर्वजांची नावे मोठ्याने उच्चारली तर नवल काय, असा त्यांचा प्रश्न आहे. शिवाय ते म्हणतात की पॅरिसची कमान तरी कोणी लोकांचा कौल घेऊन बांधली होती? शंभर वर्षे लोटली की हेही जुने होईल.

यांतील पहिल्या मुद्द्याबद्दल आम्हांस पुरती सहानुभूती आहे. पण अपमान झाला म्हणून मनुष्याने दुसऱ्याच्या कुळाची वंशावळ आपल्या भिंतीवर टांगावी काय? शिकंदराची जन्मभूमी पेला. ती आजच्या ग्रीसमध्ये आहे. मॅसेडोनियन लोकांची भाषा स्लाव्ह कुळातली, आणि स्लाव्ह लोक या प्रदेशात आले ते शिकंदरानंतर आठ-नऊशे वर्षांनी. परक्याच्या नावाने मिशा पिळल्याने त्या लांब होत नाहीत, उलट लोकांचे लक्ष मात्र ओठाकडे जाते. आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप, ते राष्ट्राचे नाव शेवटी कसे सुटले? पुतळ्याने नव्हे, तर जून २०१८ मधील प्रेस्पा येथील कराराने. २०१९ साली नवे नाव लागू झाले आणि २०२० साली नाटोचे दारही उघडले. दुसऱ्या मुद्द्याचे उत्तर याहून सोपे आहे. जुने होणे वेगळे आणि साक्षी होणे वेगळे. खोटा दस्तऐवज शंभर वर्षे पेटीत ठेवला तरी तो जुना खोटा दस्तऐवजच राहतो.

बरे, या शहरास जुनेपण नव्हते म्हणून ते विकत आणावे लागले, असेही नाही. चौकातून दगडी पुलावर पाय ठेवावा आणि वार्दार नदी ओलांडावी. हा पूल पंधराव्या शतकातला, तुर्की अमलातला. पलीकडे जुना बाजार सुरू होतो: व्यापाऱ्यांच्या सराया, दाऊद पाशाचा हमामखाना, १४९२ सालची मुस्तफा पाशाची मशीद, सोनारांची व चांभारांची अरुंद आळी. १६८९ साली ऑस्ट्रियाच्या पिकोलोमिनी सेनापतीने हे शहर जाळले; पण बाजार पुन्हा उभा राहिला. याच भागात स्वेती स्पास हे चर्च अर्धे जमिनीत दडल्यासारखे बसले आहे. त्यातील लाकडी कोरीव पडदा १८२४ साली पुरा झाला. त्याच्या कोपऱ्यात कारागिरांनी बायबलातील प्रसंगांशेजारी स्वतःच्याही मूर्ती कोरून ठेवल्या आहेत, हातांत आपापली हत्यारे घेतलेल्या. पुतळा कोणाचा आणि केवढा असावा, याचा याहून उत्तम धडा शोधूनही सापडणार नाही. हे सर्व तुर्की व मुसलमानी वळणाचे, म्हणून राष्ट्राभिमान्यांस नकोसे वाटले असेल तर ती गोष्ट त्यांच्या अभिमानाचे मोजमाप सांगते. आणि मनुष्यच हवा होता, तर मदर तेरेसा १९१० साली याच शहरात जन्मल्या. त्यांचे कलकत्त्यातील कार्य आपल्या वाचकांस ठाऊकच आहे. त्यांची थोरवी चौथऱ्याच्या उंचीने मोजावी लागत नाही.

आता हसणाऱ्यांविषयी दोन शब्द. तुम्ही ज्यास हसता त्याविरुद्ध स्कोप्येच्याच नागरिकांनी तुमच्या आधी तोंड उघडले होते. २००९ साली मुख्य चौकातील नव्या बांधकामाविरुद्ध स्थापत्याचे विद्यार्थी उभे राहिले आणि त्यांनी मारही खाल्ला. मध्यवस्तीतील १९७३ सालच्या व्यापारी इमारतीस खांबांचा मुखवटा चढविण्याचा बेत झाला, तेव्हा लोकांनी हातात हात गुंफून तिला वेढा दिला. २०१५ साली त्यावर सार्वमत झाले. मतदारांची आवश्यक संख्या भरली नाही, तरी मते देणाऱ्यांपैकी बहुतेक सर्वांनी मुखवट्याविरुद्ध कौल दिला आणि ती इमारत उघड्या चेहऱ्याने उभी राहिली. २०१६ साली निदर्शकांनी विजयकमानीवर आणि पांढऱ्या भिंतींवर रंगांचे फुगे फोडले. ज्या शहरात इतकी माणसे आपल्या साध्या भिंतींसाठी भांडतात, त्यास थट्टेचा विषय करणारा प्रवासी त्या भिंतींचा नव्हे, त्या माणसांचा अपमान करतो.

मग हे सर्व पुतळे पाडावेत काय? आम्ही तसे म्हणणार नाही. एकदा पैसा गेला तो गेला, आणि पाडण्याचा उत्साह हाही पुष्कळदा उभारण्याच्या उत्साहाचाच सख्खा भाऊ असतो. पण मुखवटे उतरवावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. खांबांआड दडपलेली १९६३ नंतरची स्कोप्ये जगाने दिलेली आहे. ती एका सरकारच्या मालकीची नव्हती आणि म्हणून झाकून टाकण्याचा अधिकारही त्या सरकारास नव्हता.

पुतळ्यांचा सोस हा काही एकट्या स्कोप्येचा रोग नव्हे. जेथे जेथे राज्यकर्त्यांस आज करावयाचे काम जड जाते, तेथे तेथे काल होऊन गेलेल्यांचा चौथरा उंच होत जातो. त्यावर आम्हांस एकच औषध ठाऊक आहे, आणि ते फारच स्वस्त आहे. मोटार सोडावी, चौक ओलांडावा आणि प्रत्येक भिंतीस विचारावे की तू कोणी, केव्हा आणि कशासाठी बांधलीस. जी भिंत उत्तर देते ती खूण. जी नुसतीच पोक्त चेहरा करून उभी राहते ती जाहिरात.